कूलरची तिसरी पिन आणि कूलरचा रिमोट : बिनकामाचे कोणते?

(उपकरणांतल्या बिनकामाच्या वाटणाऱ्या सोयींवर नागपूरच्या धरमपेठ, इतवारी आणि महाल या भागांतल्या तिघांचा संवाद)

धरमपेठ :
उन्हाळा तोंडावर आला की नागपुरात कूलर बाहेर निघतात, वाळ्याच्या ताट्या बदलल्या जातात आणि कित्येक घरांत तीन पिनांच्या प्लगऐवजी दोन पिनांचा प्लग लावून काम भागवले जाते. तिसऱ्या पिनेवाचून पंखाही फिरतो आणि पंपही चालतो, म्हणून ती बिनकामाची ठरते. ही पिन लांब असते ती प्लग लावताना अर्थिंग सर्वांत आधी जोडले जावे आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावे म्हणून. जाड असते ती चुकूनही विजेच्या छिद्रात शिरू नये म्हणून. पाण्यात बुडालेल्या पंपाचे इन्सुलेशन खराब होऊन लोखंडी पत्र्यात २३० व्होल्टची वीज उतरली, तर तिला जमिनीत नेणारी वाट ही पिनच देते. म्हणून एखादी सोय कोणत्या प्रसंगासाठी आहे हे कळेपर्यंत तिला निरुपयोगी म्हणू नये, असे माझे ठाम मत आहे.

इतवारी :
उदाहरण मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. सुरक्षेच्या पिनेचा दाखला देऊन वायफायच्या वॉशिंग मशीनचे किंवा रिमोटच्या कूलरचे समर्थन होत नाही. साध्या कूलरचा स्विच बिघडला तर गल्लीतला मेकॅनिक तो तासाभरात बदलून देतो. सर्किट बोर्ड जळाला, तर पारा ४५ अंशांवर असताना कंपनीच्या माणसाची वाट पाहत बसावे लागते. ज्या सोयीपायी मूळ कामच अडते, तिचे पैसे ग्राहकाने का मोजावेत?

महाल :
माझ्या आईला गुडघ्यांमुळे रात्री उठवत नाही. पहाटे गारवा वाढला की ती अंथरुणातूनच रिमोटने पंप बंद करते आणि नुसता पंखा चालू ठेवते. बटणांच्या फोनवर ५ या आकड्यावर असलेला बारीक उंचवटाही डोळस माणसाच्या लक्षात येत नाही. अंध व्यक्ती मात्र त्याच्याच आधाराने नंबर लावते. सोय कोणासाठी आहे, हेही पाहायला हवे.

धरमपेठ :
इतवारीकरांची कसोटी मला पटते आणि महालकरांची गरजही खरी आहे. रिमोट असावा, पण कूलरवर हाताने चालणारी बटणेही असावीत, म्हणजे एक बिघडले तरी दुसऱ्याने काम होईल. खरेदी करताना दुकानदाराला हे आवर्जून विचारावे. आणि अर्थिंग कितीही चांगले असले, तरी पाणी भरताना किंवा पंपाला हात लावताना प्लग काढलेलाच असावा.