पैसा आणि जागा असूनही प्राणीसंग्रहालयाला दुर्मिळ प्राणी का मिळत नाहीत?

रानवाट: पिंजरा तयार, निधी मंजूर, डॉक्टर हजर. तरी ओकापीसारख्या (जिराफाचा आफ्रिकी नातलग) प्राण्यासाठी संग्रहालयांना वर्षानुवर्षं थांबावं लागतं. नक्की अडतं कुठे?

वंशावळ: पैशावर क्वचितच. मान्यताप्राप्त संग्रहालयं असे प्राणी सहसा विकत नाहीत, प्रजननासाठी उसने देतात. जातीची वंशावळ नोंदवही असते आणि ती पाहून त्या जातीच्या प्रजनन कार्यक्रमाचा समन्वयक सोयरीक जमवतो. ज्याचे नातलग कमी, त्याला पिल्लं आधी. 100 वर्षांनीही 90 टक्के जनुकीय विविधता टिकावी, असं अनेक कार्यक्रमांचं उद्दिष्ट असतं. हे गणित कडक आहे, कारण मूळ प्राणीच मोजके असतात. आजचे प्रझेवाल्स्की घोडे (मध्य आशियातले रानघोडे) जंगलातून पकडलेल्या जेमतेम डझनभर घोड्यांचे वंशज आहेत.

म्हणून कळपात राहणाऱ्या प्राण्यांमध्ये नव्या संग्रहालयाला बहुधा आधी जादा नरच देऊ करतात. ते नाकारू नका. एका कळपाला एक नर पुरतो, बाकीच्यांना घर हवंच असतं. ते नीट सांभाळलेत की प्रजननाच्या जोडीसाठी तुमचा विचार होतो.

परवानेवाला: कागदांचा क्रम चुकला तरी सगळं अडतं. सायटिस, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार, 1975 पासून लागू आहे. त्याच्या पहिल्या परिशिष्टातल्या, म्हणजे सर्वाधिक धोक्यातल्या, प्राण्याला दोन परवाने लागतात, आधी आयातीचा आणि मग निर्यातीचा. आयातीचा जास्तीत जास्त 12 महिने चालतो, निर्यातीचा 6. त्यामुळे रक्त तपासणी किंवा विमान लांबलं की निर्यात परवाना संपतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. प्राण्याच्या अंगात ओळखीसाठी बसवलेल्या मायक्रोचिपचा एक आकडा जरी परवान्याशी जुळला नाही, तरी प्राणी विमानतळावर अडकतो. रवंथ करणाऱ्यांसाठी लाळ्या-खुरकुताचे नियम वेगळे. दोन्ही देशांच्या पशुवैद्यकीय अटी जुळतात का, हे सगळ्यात आधी पाहा. तिथेच नकार असेल तर परवान्यांचा खटाटोप फुकट.

रानवाट: आणि एवढं सगळं जमल्यावर?

खुरवाला: खरी परीक्षा तेव्हाच सुरू होते. हरणासारख्या प्राण्याला ऐनवेळी पकडून पेटीत कोंबलं तर घाबरून धडपडताना त्याचे स्नायू निकामी होतात आणि कधीकधी तो काही दिवसांनी मरतो. त्यासाठी पेटी कित्येक आठवडे आधी आवारात ठेवा, दोन्ही दारं उघडी. खाद्य आधी दाराशी, मग मध्यभागी. तो आत निवांत खायला लागला की एक दार क्षणभर लोटा, मग वेळ वाढवत न्या. पेटीत उभं राहता, बसता यावं, पण खुरं असलेल्या प्राण्यांना वळता येऊ नये, नाहीतर मान किंवा पाय अडकतो. गाभण काळाच्या शेवटी किंवा शिंगं मखमलीत (नव्या शिंगांवर मऊ कातडी) असताना हलवू नका.

पोचल्यावर साधारण 30 दिवस विलगीकरण. जुनं खाद्य सोबत मागवा, नवं हळूहळू मिसळा. खाद्याची चूक फार महाग पडते. 1984 ते 1996 दरम्यान सुमात्रन गेंडे पकडून आणले, त्यातले बरेच दगावले. अमेरिकेतल्या सिनसिनाटी प्राणीसंग्रहालयात गवत आणि गोळीखाद्याऐवजी अंजीरवर्गीय झाडांचा पाला सुरू केल्यावर गेंडा सावरला, आणि 2001 मध्ये तिथे पिल्लू जन्मलं. पाल्याचा बारमाही पुरवठा नक्की होईपर्यंत असा प्राणी मागूच नये.

वंशावळ: एक भर. पांडाचा मामला निराळा. चीन तो ठरावीक वर्षांच्या करारावरच देतं, जोडीला वर्षाला 10 लाख डॉलरपर्यंत मोजावे लागतात, आणि पिल्लंही चीनचीच. ओकापीसाठी मात्र समन्वयकाला आवाराचा नकाशा, खाद्ययोजना आणि कर्मचाऱ्यांचा अनुभव कळवा, मगच बांधकाम सुरू करा. दाराची रुंदी, विलगीकरणाची खोली यांत ते बदल सुचवतात आणि ते कागदावर स्वस्तात होतात.