पुढचा डावा टायर फक्त आतल्या कडेने झिजतो. दोष कुठे शोधावा?

प्रश्न (तासगाव)
नमस्कार. माझी सात वर्षांची हॅचबॅक आहे आणि तासगाव ते सांगली असे रोजचे जाणे-येणे आहे. पुढचे दोन्ही टायर एकाच दिवशी नवे घातले होते आणि त्यांचे अजून 18 हजार किलोमीटरही झालेले नाहीत. परवा पंक्चरसाठी डावे चाक उतरवले, तेव्हा आतल्या कडेची नक्षी पूर्ण गेलेली दिसली. मधला भाग आणि बाहेरची कड मात्र चांगली आहे. उजवा टायर सगळीकडे सारखा झिजला आहे. वर्षभरात दोनदा अलाइनमेंट (चाकांची दिशा आणि कल जुळवणे) करून घेतले आणि दोन्ही वेळा गाडी सरळ झाल्याचे सांगण्यात आले. मग गाडी टायर का खाते?

प्रतिसाद (सातारा)
हवा कमी असती तर दोन्ही कडा झिजल्या असत्या आणि जास्त असती तर मधला पट्टा, त्यामुळे हवेचा विचार इथे सोडून द्यावा. टो, म्हणजे वरून पाहताना चाकाची पुढची बाजू किती आत किंवा बाहेर वळली आहे ते, बिघडला असेल तर स्टिअरिंग सरळ धरताना तो फरक दोन्ही चाकांत वाटला जातो आणि बहुधा दोन्ही टायर घासतात. एकच टायर आणि तोही आतून जात असेल, तर त्या चाकाचा कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, आधी तपासावा. टायरवरून तळहात आडवा फिरवून पाहा: एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे बोचत असेल, तर टोचाही दोष आहे. ठिकठिकाणी खोलगट चट्टे लागले, तर शॉकअब्झॉर्बर संपत आले असे समजावे.

प्रतिसाद (मिरज)
वरील मताशी सहमत आहे. फक्त एक सांगतो, सांधे ढिले असताना केलेले अलाइनमेंट टिकत नाही. गाडी जॅकवर उचलून खाली भक्कम स्टँड लावा आणि चाक वर-खाली धरून हलवा. खडखड जाणवली, तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. तेवढ्याने ती थांबली तर बेअरिंग पाहा, न थांबल्यास बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे हलवताना ढिलाई जाणवली तर टाय रॉड एंड, म्हणजे चाक वळवणाऱ्या स्टिअरिंगच्या दांड्याचा सांधा. लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे, रबरी बुश लोखंडी कांबीने हलवून पाहावे लागतात, नुसत्या नजरेने फाटलेले कळत नाहीत. शिवाय अलाइनमेंटच्या आधीचे आणि नंतरचे, दोन्ही आकडे छापून मागा. बऱ्याच गाड्यांत पुढे फक्त टो जुळवता येतो, कॅम्बर जुळवण्याची सोयच नसते. त्यामुळे टो बरोबर आला की काम झाले असे सांगितले जाते आणि कॅम्बरचा आकडा लाल दिसत असला तरी त्याकडे कोणी बघत नाही.

प्रतिसाद (वाई)
सध्या टायर मागे घालून पाहायला हरकत नसावी.

प्रतिसाद (मिरज)
कृपया तसे करू नका. खाचांतल्या खुणेच्या पट्ट्यांची उंची 1.6 मिलिमीटर असते. झीज तिथवर आली की टायर बदलायलाच हवा, आणि यांची आतली कड तर त्याही पलीकडे गेली आहे. पावसात मागचे टायर निसटले तर गाडी सावरणे फार कठीण जाते.

प्रश्नकर्ता (तासगाव)
आपणा सर्वांचे मनापासून आभार. आकडे मागून घेतले: उजवीकडे कॅम्बर उणे अर्धा अंश आणि डावीकडे जवळजवळ उणे दोन (उणे म्हणजे चाकाचा माथा आत कललेला). गेल्या हंगामात उसाच्या जोडट्रॉलीला वाट देताना डावे चाक साइडपट्टीवरून खाली जोरात आदळले होते, ते तेव्हा आठवले. लोअर आर्मचा मागचा बुश फाटलेला निघाला, पण तो बदलूनही कल तसाच राहिला. शेवटी डावा स्ट्रट, म्हणजे चाकाला वरून धरणारा शॉकअब्झॉर्बरचा खांब, वाकलेला सापडला. दोन्ही बाजूंचे स्ट्रट बदलून मगच अलाइनमेंट केले. पुढे दोन नवे टायर घातले, जुना उजवा टायर स्टेपनीला ठेवला आहे, आणि हजार किलोमीटर झाल्यावर चाक उतरवून आतली कड पुन्हा पाहणार आहे.