धडधाकट माणसाने रोज गुळवेल का प्यावी?

रानवाट:
कोविडच्या साथीत गुळवेल घराघरांत शिरली, ती अजून मुक्कामाला आहे. ताप नाही, कणकण नाही, तरी लोक ‘इम्युनिटी’साठी वर्षानुवर्षं रस पिताहेत. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या ६ जणांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. २०२२ मध्ये देशातल्या वेगवेगळ्या रुग्णालयांतून असेच ४३ रुग्ण नोंदले गेले. अनेकांच्या यकृतावर ऑटोइम्यून आजारासारख्या, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तशा, खुणा होत्या. माझं मत सरळ आहे, वैद्याने दिली नसेल तर रोज घेऊ नका.

माहेरवाशीण:
एवढ्या मोठ्या देशात ४३! दारूने किती यकृतं जातात, त्यावर काढा की धागा. आमच्या परसात कडुनिंबावर चढलेली गुळवेल आहे. कुणाला ताप आला की आजी अंगठ्याएवढं कांड ठेचून रात्रभर भिजत घालायची, सकाळी गाळून द्यायची. कुणाला काही झालं नाही.

रानवाट:
ताप आला की द्यायची ना? मग ताई, तुम्ही माझीच बाजू मांडलीत. आणि ४३ म्हणजे फक्त नोंद झालेले. काढा पितो हे डॉक्टरांना सांगतं कोण?

काष्ठौषधी:
मी वैद्य आहे. मुंबईच्या अहवालावर आयुष मंत्रालयाने तेव्हाच आक्षेप घेतला होता, की रुग्णांनी घेतलेली वनस्पती नक्की कोणती हे तपासलेलंच नाही. टिनोस्पोरा क्रिस्पा ही गुळवेलीची बहीण दिसायला जवळपास तशीच असते. बाजारातली पूड कुठल्या वेलीची आहे, हे डोळ्यांनी सांगता येत नाही. दोष औषधीला देण्याआधी हे बघा. रोज पिण्याच्या फॅडला मात्र माझाही विरोध आहे. प्रकृती, मात्रा, काळ न बघता घेतलेलं ते औषध कसलं?

तिरकस:
पाश्चात्त्यांनी गोळी केली की विज्ञान, आपण उकळलं की अंधश्रद्धा! सर्पगंधेचा रक्तदाबावरचा गुण मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमधून जगापुढे मांडला. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं गेलं. खोकल्यावरचं ब्रोमहेक्सिन अडुळशातल्या व्हॅसिसिनवरून आलंय.

रानवाट:
मान्य. पण रेसर्पिन घेणाऱ्यांना उदासीनता येते अशा तक्रारी आल्या आणि चांगले पर्याय मिळाल्यावर ते मागे पडलं. वनस्पतीत दम असतो म्हणूनच तर मोजून घ्यायची. ‘साइड इफेक्ट नाहीत’ म्हणणारा ‘गुण नाही’ असंच म्हणतोय.

माहेरवाशीण:
वाद तुमचा चालू द्या. सासूबाईंना आमवात आहे, मेथोट्रेक्सेट चालू आहे आणि वर रोज गुळवेलीचा रस. थांबवू का?

काष्ठौषधी:
ताई, रस आजपासून बंद. मेथोट्रेक्सेट मनाने थांबवू नका. त्याचाही यकृतावर परिणाम होतो, म्हणून रसाची बाटली डॉक्टरांना दाखवा आणि यकृताची रक्ततपासणी करावी का, ते विचारा. डोळे पिवळे किंवा लघवी गडद दिसली तर त्याच दिवशी जा.

माहेरवाशीण:
बरं. त्या ऐकतील असं वाटत नाही, रस त्यांच्या भिशीतल्या बाईंनी दिलाय.