सिनेमा मन लावून केलाय, हे कानांनी कधी कळलं?

सिनेमा कसा होता विचारलं की आपण कथा, अभिनय आणि 'फोटोग्राफी छान' एवढं बोलून मोकळे होतो. माझं मत असं, की सिनेमा जीव ओतून केलाय की उरकलाय, हे आधी कानाला कळतं. तुम्हाला कुठे जाणवलं? पाल्हाळ चालेल, शेवट फोडलात तरी चालेल.

सुरुवात मीच करते. पुण्यात फिल्म अर्काइव्हच्या थेटरात 'कुंकू' पाहिला. १९३७ सालचा, प्रभातचा, शांतारामबापूंचा. बराच वेळ काहीतरी वेगळं वाटत होतं, काय ते उमगेना. मग लक्षात आलं, पार्श्वसंगीतच नाहीये! त्या घरात जे वाजेल तेवढंच ऐकू येतं. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली नीरा तिथे कशी कोंडलीये, हे सांगायला एकही व्हायोलिन लागत नाही. आजची मालिका असती तर भिंतीवरच्या घड्याळावरसुद्धा ढॅणढॅण वाजवलं असतं.

चिंचेखालचा
आमच्या तालुक्याच्या थेटरात 'सैराट'. 'झिंगाट'ला निम्मं पब्लिक पडद्यापुढं नाचत होतं, शिट्ट्यांनी कान किटले. शेवटाला आवाजच गेला. मागनं एकजण वरडला, "ए, आवाज सोड की!" तवर ते लेकरू रक्ताची पावलं उठवत बाहेर आलं. परत कुणी वरडलं नाही. याच पिच्चरच्या गाण्यांसाठी अजय-अतुलनी हॉलिवूडात जाऊन सिंफनी वाजवून घेतलेली. एवढा फौजफाटा हाताशी असताना शेवटाला काहीच वाजवायचं नाही, याला छाती लागते.

बूमवाला
मी साउंडमध्येच आहे, सहायक. सिंक साउंड, म्हणजे सेटवरचाच आवाज ठेवायचा असं ठरलं, की माझं निम्मं काम आवाज बंद करत फिरण्याचं. पंखा बंद, जनरेटर लांब, शेजारच्या काकूंना मिक्सरसाठी विनंती (कुकरच्या शिट्टीपुढे मात्र हात जोडायचे). फ्रीज बंद केला की गाडीची किल्ली फ्रीजमध्येच ठेवायची. पॅकअपनंतर किल्ली घ्यायला गेलं की तो चालू करायची आठवण होते, घरमालकाचं दूध नासत नाही. जुनी युक्ती आहे.

सीन संपला की सगळ्यांना जागच्या जागी उभं करून त्या खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करतात. तिला रूम टोन म्हणतात. तेवढासुद्धा धीर लोकांना निघत नाही, कुणीतरी हमखास खोकतंच. पण संवादांच्या मधल्या फटी त्यानेच बुजवायच्या असतात. तो नसला तर प्रत्येक कट कानाला टोचतो, आणि तोच वाडा एका वाक्याला वाडा वाटतो, पुढच्या वाक्याला गोदरेजचं कपाट. ज्या सेटवर दिग्दर्शक स्वतः तेवढा वेळ गप्प उभा राहतो, तो सिनेमा बहुधा बरा निघतो. "वेळ नाही, डबिंगला बघू" ऐकलं की मी काय ते समजून जातो.

तारीख पे तारीख
वकील आहे, म्हणून 'कोर्ट'. २०१५ साली थेटरात पाहिला. सरकारी वकीलबाई कलमं वाचतात त्या सपाट सुरात, आणि न्यायाधीश साक्षीचं आपल्या शब्दांत रूपांतर करून टायपिस्टला सांगतात. तंतोतंत! कॅमेरा लांब, हलत नाही, कुणाच्या तोंडावर झूम नाही. शेवटी सुट्टी लागते, दिवे मालवले जातात, आणि त्या अंधारात आपल्याला बसवून ठेवलंय. शेजारचे उठून निघाले होते, सिनेमा संपला समजून.

हलगी
'फँड्री'. डुक्कर धरायला अख्खं घर पळतंय आणि शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागेवर ताठ. तो आवाज पार्श्वसंगीत म्हणून घातलेला नाही, खरंच शाळेतून येतोय. म्हणून हसूही येतं आणि आपण हसलो याची लाजही वाटते. यावर जास्त लिहीत नाही.

सोनचाफा
सगळ्यांनी शांततेचंच कौतुक लावलंय, म्हणून म्हातारीचे दोन शब्द. १९३६ चा 'संत तुकाराम' बघा. गाण्यांनी भरलेला आहे, तरी कुठेही उपरं वाटत नाही. विष्णुपंत पागनीस गातात तेव्हा सिनेमा थांबून गाणं लागलं असं होतच नाही, तो माणूस बोलतोच तसा वाटतं. 'आधी बीज एकले' तुकोबांचं नाही, शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलंय. इतकं बेमालूम, की आमचे अण्णा कितीतरी दिवस गाथेत तो अभंग शोधत बसले होते.