गिटारच्या रियाजाला वेळ कसा काढावा? ट्रेमोलो काही केल्या बसत नाही, मदत हवी आहे

लोकहो, नमस्कार.

मी क्लासिकल गिटार वाजवते. नोटेशन वाचता येतं, मध्यम अवघड रचना निभतात. सध्या दोन अडचणी आहेत आणि दोन्ही एकमेकींत गुंतल्यात.

पहिली वेळेची. नोकरी, घर, लहान मूल. एरवी सलग मिळतात ती फार तर वीस-पंचवीस मिनिटं, तीही मूल झोपल्यावर. म्हणजे आवाज बंद. सुट्टीच्या दिवशी तासभर निघतो, पण निघेलच असं नाही.

दुसरी अडचण म्हणजे फ्रान्सिस्को तारेगाची 'रेकुएर्दोस दे ला आलाम्ब्रा'. ज्यांनी ऐकली नसेल त्यांच्यासाठी सांगते: तारेगा (१८५२–१९०९) हा स्पॅनिश गिटारवादक, आणि त्याची ही रचना जवळजवळ पूर्ण ट्रेमोलोवर चालते. अंगठा बेसचे आणि मधले स्वर एकेक करून वाजवतो आणि अंगठ्याच्या प्रत्येक फटक्यामागे अनामिका, मध्यमा, तर्जनी या क्रमाने एकाच तारेवर तोच स्वर तीनदा वाजतो. जमलं तर फटके वेगळे कळतच नाहीत, एक लांब थरथरता सूर ऐकू येतो. माझ्याकडून मात्र लंगडा घोडा दौडत चालल्यासारखं निघतं.

मेट्रोनोमवर (ठरावीक गतीने ठोके देणारं यंत्र) ५० पर्यंत बरं वाटतं (एका ठोक्यात आठ फटके). त्यापुढे चार-चारने वाढवलं की मोडतं. डाव्या हाताचं म्हणाल तर स्वर पाठ आहेत, पण लांबच्या उड्या कच्च्या आहेत.

भरीत भर म्हणून एका मैत्रिणीला तिच्या गाण्याला साथ हवी आहे. गाणं डी मेजरमध्ये, त्यात बी मायनर आणि एफ शार्प मायनर सारखे येतात. बार कॉर्ड (एकाच बोटाने आडव्या सगळ्या तारा दाबायच्या ते) धरून तीन कडवी काढली की डावा अंगठा भरून येतो.

तर, एवढ्याशा वेळात हे बसवायचं कसं? रात्री आवाज न करता काय करता येईल? आणि तारेगा सध्या बाजूला ठेवावा का? स्पष्ट सांगितलंत तरी चालेल.

प्रतिसाद १

पहाटे उठून करा. सगळं घर झोपलेलं असतं, डोकंही ताजं.

धागाकर्ती

:-) आमच्या घरात पहाटे सगळ्यात आधी जे उठतं त्याला गिटारच्या तारा ओढायला फार आवडतात. तरी धन्यवाद.

प्रतिसाद २

ताई, मेट्रोनोम चार-चारने वाढवणं काही काळ थांबवा. धीम्या गतीत बोटाला भरपूर उसंत असते, ते तार वाजवून लांब जातं, आरामात परत येतं. त्या गतीला ही चैन खपून जाते. वेगात परतायला वेळ नसतो, मग तीन बोटं घाईने एकत्र पडतात आणि अंगठ्यापाशी फट राहते. तुमचा लंगडा घोडा बहुतेक हाच. खात्री करायची असेल तर मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि अर्ध्या वेगाने ऐका. कुठलं बोट गडबड करतंय ते लगेच कळेल.

यावर दोन उपाय. धीम्या गतीत वाजवताना पुढचं बोट आधीच तारेवर टेकवायचं. अंगठा वाजला की त्याच क्षणी अनामिका तारेवर येऊन बसलेली हवी, अनामिका वाजली की मध्यमा. सूर तुटक, कोरडा येईल, तो तसाच यायला हवा. याने बोटांचा प्रवास आखूड होतो. सूर बिघडतोय म्हणून लोक हे दोन दिवसांत सोडून देतात, तेवढं करू नका.

दुसरा उपाय याच्या बरोबर उलटा. मेट्रोनोम थेट ७२ ला लावा आणि फक्त अंगठा-अनामिका-मध्यमा-तर्जनी-अंगठा एवढंच वाजवून थांबा. हात सैल सोडा. पुन्हा तेवढंच. हे पाच फटके स्वच्छ आले की नऊ करा. डाव्या हाताला यात सुट्टी, एकच साधी कॉर्ड धरून ठेवायची. पूर्ण वेगाची हालचाल कशी असते हे बोटांना अशा छोट्या झटक्यांतूनच कळतं, ५० वरून चढत गेल्याने नाही.

आणखी एक. सराव पहिल्या तारेवरच करत असाल तर दुसऱ्या तारेवर करा, अंगठा तिसरीवर. शेजारच्या दोन्ही तारा चुकवून बोट मधल्या तारेवर पडलं पाहिजे, त्यामुळे सुरुवातीला चिडचिड होईल. पण तिथे बसलं की पहिली तार सोपी वाटते.

रात्रीचं म्हणाल तर रुमालाची घडी करून ब्रिजजवळ (तारा जिथे गिटारच्या पेटीला बांधलेल्या असतात तिथे) तारांखाली सारा. आवाज अगदी ठप्प होतो, दाराबाहेर जात नाही. याचा एक फायदा असा की गुंज नसल्यामुळे फटक्यांमधलं अंतर उघडं पडतं. रुमालाशिवाय जो ट्रेमोलो बरा वाटतो तो रुमाल घातल्यावर किती असमान आहे ते कळतं. मी तर दिवसाही असाच करतो.

प्रतिसाद ३

वरच्या तंत्राच्या भागाला अनुमोदन. वेळेबद्दल थोडं.

वीस मिनिटं कमी नाहीत, पण त्यातली पाच 'आज काय वाजवू' यात जातात आणि मग माणूस पहिल्या ओळीपासून सुरू करतो. परिणाम असा की सुरुवात घासून गुळगुळीत होते आणि अवघड जागा आहे तिथेच राहते. उद्या काय करायचं ते आज गिटार ठेवतानाच ठरवा आणि वहीत लिहा. 'ट्रेमोलो' एवढंच लिहू नका. 'दुसऱ्या पानावरची वरची उडी, चौथं बोट, मेट्रोनोम ४४' असं लिहा, म्हणजे बसल्या बसल्या सुरू करता येतं. आणि गिटार केसमध्ये ठेवू नका. भिंतीवर हुक, मुलाच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर.

एकच तुकडा वीस मिनिटं घोटण्याऐवजी तीन तुकडे घ्या आणि फिरवत राहा: चार-पाच मिनिटं पहिला, मग दुसरा, मग तिसरा, पुन्हा पहिला. त्या रात्री वाटेल की काहीच बसलं नाही. तसंच वाटतं. १९७९ साली शी आणि मॉर्गन यांनी हाताच्या हालचाली शिकवण्याचा प्रयोग केला होता. एकेक हालचाल सलग घोटणारे सरावात पुढे होते, पण दहा दिवसांनी तपासलं तेव्हा आलटून पालटून केलेल्यांच्या जास्त लक्षात राहिलं होतं. माझ्या अनुभवात डाव्या हाताच्या उड्यांना हे फार लागू पडतं.

उड्यांचा सराव आवाजाशिवायच करा. उजवा हात मांडीवर. डाव्या हाताने पहिली कॉर्ड धरा, दाब काढा पण बोटं तारेवरून उचलू नका, नजर जिथे पोचायचं त्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्टीवर) न्या आणि मग सरका. दोन्ही कॉर्डमध्ये एखादं बोट त्याच तारेवर राहत असेल तर त्याला धरून सरकायचं, बाकीची त्याच्या मागे येतात. या रचनेत अशा जागा बऱ्याच सापडतील, पेन्सिलने खुणा करा.

प्रतिसाद ४

मी थोडं वेगळं सांगेन. तारेगा बाजूला ठेवू नका, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवणं बंद करा. रचना ए मायनरमध्ये सुरू होते आणि पुढे ए मेजरमध्ये जाते. मेजरचा भाग आधी घ्या. बहुतेकांचा तो कायम कच्चा राहतो, कारण तिथे पोचेपर्यंत हात थकलेला असतो. सलग वाजवायचं ते फक्त सुट्टीच्या दिवशी, एकदाच, चुकलं तरी न थांबता.

मैत्रिणीच्या गाण्यासाठी दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा. डी मेजर आता सीच्या आकारात येईल, बी मायनरचा ए मायनर, एफ शार्प मायनरचा ई मायनर. दोन्ही बार गेले. मात्र जीच्या जागी एफचा आकार येतो, म्हणजे एक बार परत दारात. तिथे पातळ चार तारांचा छोटा एफ धरा, किंवा पहिली तार मोकळी सोडा. सूर किंचित मऊ होतो, पण गाण्याच्या साथीला उलट बराच वाटतो. आणि अंगठा भरून येतोय म्हणजे तुम्ही चिमटा काढल्यासारखं दाबताय. अंगठा क्षणभर गिटारच्या मानेवरून उचलूनही कॉर्ड वाजते का बघा. दाब दंडाच्या वजनातून यायला हवा.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. रुमाल घालून वाजवलं. अनामिका आणि मध्यमा एकमेकींना चिकटून पडतात आणि अंगठ्याआधी चांगली फट आहे, म्हणजे निदान बरोबर होतं. कॅपोचं मैत्रिणीला कळवलं, ती खूश.

दोन शंका उरल्या. ७२ चे झटके केले की उजव्या हाताचा मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग ताठतो. हे चालायचंच का? आणि अनामिकेचं नख मधूनच तारेत अडकल्यासारखं होतं, 'टक्' असा आवाज येतो.

प्रतिसाद २

ताठणं चालायचंच नाही. प्रत्येक झटक्यानंतर हात पूर्ण सैल पडेपर्यंत पुढचा घ्यायचा नाही. गरज वाटली तर ७२ चं ६६ करा. तरी ताठला तर त्या रात्री झटके बंद, डाव्या हाताचं काम घ्या. मुंग्या किंवा बधिरपणा आला तर मात्र इथे विचारत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

नखाचं सोपं आहे. कडेवर बोट फिरवा, अनामिकेला बारीकशी कंगोऱ्यासारखी धार लागेल. हार्डवेअरवाल्याकडचा सगळ्यात बारीक वॉटर पेपर घ्या, ज्या दिशेने तार नखावरून सुटते त्याच दिशेने हलका फिरवा. तिन्ही नखांची लांबीही जवळपास सारखी ठेवा. अनामिकेचं लांब राहिलं तर ती तारेत जास्त खोल जाते आणि उशिरा सुटते. तुमच्या फटीचा थोडा भाग तिथूनही येत असेल. आधी नख घासा, मग पुन्हा रेकॉर्ड करून इथे टाका.