‘ईव्हिल डेड’ पाहताना आपण नेमके कशाला हसतो?

रातकिडा:
वसतिगृहात असताना आम्ही वर्गणी काढून व्हीसीआर भाड्याने आणत असू. अशाच एका रात्री अमेरिकन दिग्दर्शक सॅम रेमी यांचा ‘ईव्हिल डेड २’ (१९८७) हा भयपट पाहून आमच्यातले दोघे जण उजाडेपर्यंत खोलीबाहेर पडायला तयार नव्हते. गेल्या आठवड्यात तोच चित्रपट भाच्याबरोबर पाहिला, तर तो पहिल्या अर्ध्या तासातच पोट धरून हसू लागला आणि थोड्या वेळाने मीही हसू लागलो. तेव्हा आम्ही भाबडे होतो, की चित्रपट म्हातारा झाला, की तो मुळातच हसण्यासाठी काढलेला होता? उघड उघड खोट्या रक्तात न्हालेल्या अशा चित्रपटांकडे माणसे पुन्हा पुन्हा का वळतात, यावर जाणकारांनी लिहावे.

तिसरी घंटा:
आपला भाचा बरोबर आहे, आणि आपणही चुकला नव्हता. दुसऱ्या भागातले हसू योजून आणलेले आहे. नायकाचा स्वतःचाच हात झपाटला जातो, त्याच्याच डोक्यावर बशा फोडतो, नायक तो यांत्रिक करवतीने तोडतो आणि पळू पाहणाऱ्या पंजावर बादली पालथी घालतो. ती बादली हलू नये म्हणून तो वर जी पुस्तके रचतो, त्यांत सर्वांत वर हेमिंग्वे यांचे ‘अ फेअरवेल टू आर्म्स’ असते. इंग्रजीत ‘फेअरवेल’ म्हणजे निरोप, आणि ‘आर्म्स’ म्हणजे शस्त्रेही आणि हातही. रेमी ‘थ्री स्टूजेस’ या विनोदी त्रिकुटाचे भक्त होते आणि ती हाणामारी त्यांनी थेट भुताच्या घरात नेली.

१९८१चा पहिला भाग मात्र मनापासून घाबरवण्यासाठीच केलेला आहे, आणि मला खरी गंमत तिथेच वाटते. चार लाख डॉलरच्या आतला खर्च, टेनेसीतल्या मॉरिसटाउनजवळची एक पडीक झोपडी, १९७९-८०चा हिवाळा आणि विशीतली मुले, एवढेच भांडवल होते. रक्त मक्याच्या पाकात खाण्याचा रंग मिसळून केलेले असल्यामुळे नटांच्या अंगावर ते कसे चिकटत असेल, हे जिलबीचा पाक बोटाला लागलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. भुतांच्या पांढऱ्या डोळ्यांच्या भिंगांतून नटांना जवळपास काहीच दिसत नसे. धावत्या दृश्यांत कॅमेरा स्थिर ठेवणारे स्टेडीकॅम हे उपकरण परवडत नव्हते, म्हणून कॅमेरा लाकडी फळीवर बसवला आणि दोघे जण फळीची दोन टोके धरून जंगलातून पळत सुटले. त्या धक्क्यांतूनच झाडांमधून झेपावणारी अदृश्य शक्ती उभी राहिली, जिच्यासाठी राक्षस घडवावा लागला नाही. अशा चित्रपटात आपण भुताला घाबरत असतो आणि त्याच वेळी फळी घेऊन धावणारी दोन पोरेही आपल्याला जवळजवळ दिसत असतात. मोठ्या खर्चाच्या, गुळगुळीत भयपटात हा दुहेरी आनंद मिळत नाही, कारण तिथे कष्टाची शिवण लपवलेली असते.

जुना वाडा:
वरचा प्रतिसाद आवडला, तरी कष्ट दिसले की चित्रपट आपोआप आवडतो, हे मला मान्य नाही. आपल्याकडे हिंदी भयपट काढणाऱ्या रामसे बंधूंचे कष्टही असेच दिसतात. त्यांनी कामे घरातल्या घरातच वाटून घेतली होती: तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला, गंगू कॅमेऱ्यावर, किरण ध्वनीकडे. ‘दो गज ज़मीन के नीचे’ (१९७२) त्यांनी महाबळेश्वरला चित्रित केला. परंतु त्यांच्या चित्रपटांत भय आणि विनोद बहुधा वेगवेगळ्या डब्यांत बसून प्रवास करतात. ‘पुराना मंदिर’मध्ये (१९८४) सामरी या सैतानाच्या भूमिकेतल्या अनिरुद्ध अग्रवाल यांचा चेहरा आजही अंगावर येतो, आणि मध्येच जगदीप मच्छरसिंग होऊन ‘शोले’ची नक्कल करू लागतात, तेव्हा तो धागा तुटतो. रेमींचे कौशल्य असे की किंकाळी आणि हसू एकाच चित्रचौकटीतून निघते. म्हणून रामसेंचे चित्रपट मला भुतांसाठी आवडतात, विनोदासाठी नाहीत.

कोपऱ्यातली खुर्ची:
एकाच चौकटीतल्या भय-विनोदाचे मराठी उदाहरण म्हणजे महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ (१९९३). रामदास पाध्ये यांचा बाहुला आणि दिलीप प्रभावळकरांचा आवाज यांतून तात्या विंचू उभा राहिला. समोर लक्ष्मीकांत बेर्डे भीतीने गांगरलेले. लहानपणी आम्ही हसत होतो, पण घरातली बाहुली रात्री कपाटात बंद करूनच झोपत होतो. तो बाहुला आहे हे ठाऊक होतेच. ते ठाऊक असल्यामुळे भीती कमी झाली नाही, उलट घरातली प्रत्येक बाहुली संशयित ठरली.

एक तक्रार मात्र नोंदवतो. मुद्दाम वाईट काढलेल्या चित्रपटांना मी या रांगेत बसवणार नाही. ‘पाहा, आम्ही किती भिकार आहोत’ असे डोळा मारून सांगणाऱ्याच्या चित्रपटात दहा मिनिटांनी जांभई येते, कारण त्याने काही साधण्याचा प्रयत्नच केलेला नसतो.

रातकिडा:
सर्वांचे आभार. भाच्याला हा धागा वाचून दाखवला. बादलीवरच्या पुस्तकाचा विनोद त्याला पहिल्याच वेळी कळला होता. मला तो आज कळला. आमच्या वसतिगृहातली कॅसेट इतक्या वेळा उतरवलेली होती की पुस्तकाचे नाव सोडाच, ते पुस्तक आहे हेही दिसत नव्हते. त्या रात्री आम्हाला दिसला होता तो फक्त एक काळा ठोकळा आणि त्याच्याखाली हलणारे काहीतरी.