मदत हवी आहे : ‘काळे पोवळे’ अशी चिठ्ठी असलेल्या पांढऱ्या, फांद्या असलेल्या प्रवाळाची ओळख

नमस्कार.

बडोद्यातील एका जुन्या मराठी शाळेत मी अनेक वर्षे जीवशास्त्र शिकवले. निवृत्तीनंतर प्रयोगशाळेतील नमुन्यांच्या कपाटाची नवी सूची करून मराठी आणि गुजराती पाट्या लिहिण्याचे काम शाळेने माझ्याकडे सोपवले आहे. बाकीचे नमुने भराभर मार्गी लागले, परंतु एका नमुन्यापाशी मी दोन महिने अडले आहे.

तो नमुना म्हणजे वीतभर उंचीचा, झाडाच्या डहाळीसारखा फांद्या फुटलेला, पांढरा टणक सांगाडा आहे. त्याला दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर जुन्या वळणाच्या अक्षरात ‘काळे पोवळे’ एवढेच लिहिलेले आहे. ठिकाण नाही, साल नाही. पांढऱ्या वस्तूला काळे का म्हटले आहे, असे मुले दरवर्षी विचारत आणि चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असावी, असे उत्तर मी देत असे. ते उत्तर चुकीचे होते, असे आता मला वाटू लागले आहे आणि म्हणूनच जाणकारांकडून खात्री करून घ्यावयाची आहे.

शास्त्रात ज्यांना काळी प्रवाळे म्हणतात, त्या अँटिपॅथेरिया गणातील जीवांचा सांगाडा काळा किंवा गडद तपकिरी, शिंगासारखा चिवट आणि बारीक काट्यांचा असतो, मात्र त्यावरचे जिवंत आवरण पुष्कळदा फिकट रंगाचे असते. आमच्या नमुन्याच्या तळाशी आपोआप गळून पडलेल्या कणावर मी विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला, तेव्हा तो लगेच फसफसला. म्हणजे हा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा, दगडी प्रवाळाचा आहे. दगडी प्रवाळांमध्ये ट्युबॅस्ट्रिया मायक्रँथस नावाची एक जाती आहे, जिचे जिवंत आवरण गडद हिरवे, जवळजवळ काळे असते आणि आतला सांगाडा पांढरा असतो. एरेनबर्ग यांनी 1834 मध्ये तिचे वर्णन केले. चिठ्ठी लिहिणाऱ्याने हा जीव पाण्यातून नुकताच काढलेला पाहिला असेल, तर त्याने लिहिलेले अक्षरशः खरे ठरते.

माझा तर्क ज्या निरीक्षणांवर उभा आहे, ती येथे देते. फांद्यांच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने नळीसारखे पेले फुटलेले आहेत आणि त्यामुळे कोवळी फांदी किंचित नागमोडी दिसते. प्रत्येक पेल्यात पूर्वी एकेक बहुशुंडक, म्हणजे पॉलिप (तोंडाभोवती शुंडके असलेला प्रवाळाचा छोटा जीव), राहत असे. पेल्याचे तोंड सात-आठ मिलिमीटर रुंद आहे आणि आत कडेकडून मध्याकडे जाणारे पातळ उभे पडदे आहेत. दहापट भिंगातून पाहता पेल्याची भिंत भरीव दिसत नाही, तिला बारीक छिद्रे आहेत. डेंड्रोफायलिडी कुलाचे हे लक्षण आहे, त्यामुळे कुलापर्यंत मी निश्चिंत आहे.

अडचण त्यापुढे आहे. याच कुलातील डेंड्रोफायलिया या प्रजातीची (जीनसची) काही प्रवाळेही झाडासारखीच वाढतात. दोहोंतील मुख्य फरक पडद्यांच्या मांडणीत असतो. डेंड्रोफायलियामध्ये पूर्ण वाढलेल्या पेल्यातही लहान पडदे मोठ्या पडद्यांकडे झुकून त्यांच्यासमोर एकमेकांना मिळतात, ज्यामुळे वरून पाहताना चांदणीसारखी आकृती उमटते. या रचनेला प्राणिशास्त्रज्ञ पूर्तालेस यांच्या नावाने ओळखतात. ट्युबॅस्ट्रियामध्ये ही रचना फार तर कोवळ्या पेल्यात दिसते आणि पुढे पडदे एकमेकांना न मिळता सरळ मध्याकडे जातात. आमच्या नमुन्याचे बहुतेक पेले हाताळणीने झिजलेले आहेत. शाबूत राहिलेल्या चार पेल्यांपैकी तिघांत पडदे सरळ आहेत, पण चौथ्यात, जो सर्वांत लहान आहे, दोन जागी ते झुकल्यासारखे वाटतात. तो पेला केवळ कोवळा म्हणून तसा आहे, असे समजावे काय?

पाटीवर एक गोष्ट मला आवर्जून लिहावयाची आहे. प्रवाळ म्हटले की मुलांच्या मनात प्रवाळ खडक उभा राहतो, पण हे प्रवाळ खडक उभारणाऱ्यांपैकी नाही. खडक उभारणारी प्रवाळे आपल्या पेशींत सहजीवी शैवाल बाळगतात आणि त्यासाठी त्यांना उजेड लागतो. ट्युबॅस्ट्रियाजवळ असे शैवाल नसते. ती दंशपेशी असलेल्या शुंडकांनी वाहत्या पाण्यातील प्लवक, म्हणजे तरंगणारे सूक्ष्म जीव, पकडून जगते, म्हणून तिला प्रवाह हवा असतो आणि सावलीची जागाही चालते. झाडासारखा आकार प्रवाहात पेले पसरण्यासाठी किती सोयीचा आहे, हे मुलांना नमुना दाखवूनच सांगता येईल, याचा मला फार आनंद वाटतो.

प्रसाराविषयी : हिंदी आणि प्रशांत महासागरांच्या उष्ण पट्ट्यांत ही जाती मूळची आहे, तर मेक्सिकोच्या आखातातील तेलउत्खननाच्या फलाटावर ती आढळल्याची नोंद 2010 मध्ये प्रसिद्ध झाली, तेथे ती परकी आहे. आमचा नमुना मात्र जवळचाही असू शकतो. द्वारका आणि बेट द्वारका यांसह ओखामंडळ हा सौराष्ट्राच्या पश्चिम टोकाचा भाग बडोदे संस्थानात होता, आणि तेथील सागरी जीवांविषयी सागरी जीवशास्त्रज्ञ जेम्स हॉर्नेल यांनी संस्थान सरकारला सादर केलेला अहवाल 1909 आणि 1916 मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. त्या काळात ओख्याहून बडोद्यात नमुने येणे स्वाभाविक होते, पण तेवढ्यावरून पाटीवर ‘ओखामंडळ’ लिहिणे मला पटत नाही.

तेव्हा माझ्या विनंत्या अशा. कच्छच्या आखातात, मालवणकडे किंवा अंदमानात झाडासारखी वाढणारी गडद हिरवी ट्युबॅस्ट्रिया ज्यांनी स्वतः पाण्यात पाहिली आहे, त्यांनी ठिकाण व खोली कळवावी. झिजलेल्या सांगाड्यावरून प्रजाती ठरवण्याचा अनुभव असलेल्यांनी चौथ्या पेल्याविषयी मत द्यावे. पेल्यातील उभ्या पडद्यांसाठी मराठीत रूढ शब्द असल्यास तोही हवा आहे, कारण नुसते ‘पडदे’ लिहिणे मला अपुरे वाटते. शिवाय 2001 पासून दगडी प्रवाळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. जुन्या शालेय संग्रहातील अशा नमुन्याची नोंद कोणी वनखात्याकडे केली असल्यास त्यासाठी काय कागदपत्रे लागली, हे सांगावे.

चारही पेल्यांची वरून आणि बाजूने घेतलेली छायाचित्रे माझ्याकडे तयार आहेत. नमुना कापण्याची किंवा पुन्हा आम्लाची चाचणी करण्याची मात्र माझी तयारी नाही, म्हणून भिंगातून पाहून सांगता येईल असेच उपाय सुचवावेत.